ठिकाण क्रमांक तीन

दिवाळ्याच्या जेट्टीजवळ बर्फाच्या शेडला
आम्ही पेटी ठोकली तेव्हा भांगाचे दिवस होते,
पाण्याला ओढ नाही, होड्या घरीच.
समोर नव्वद मीटरवर, मच्छीमार सोसायटीच्या ओट्यावर, दुसरी पेटी.
मध्ये लहर.
दोन मिलिमीटर लांबीची, तांदळाच्या कणीएवढी.
हेन्नाला कणी समजावताना
मला कॅमेऱ्यासमोर मूठ उघडावी लागली.

चार गावं, एक तक्ता.
ओउलूला हेन्ना, दुपारी दोनलाच दिवा लावलेला.
सेन्दाईला सुगिहारा, जेवण उरकून.
कॅम्पिनासला कामिला, तिच्या खिडकीबाहेर
रोज कुणीतरी गवत कापतं आणि रोज ती माफी मागते.
आणि बेलापूरहून मी,
संध्याकाळची साडेपाच, पंखा बंद, कारण पंखा ऐकू जातो.
दहा वर्षांनंतरचे फोन कसे बोलतील
ते आम्ही ठरवतोय म्हणे.
पहिली वीस मिनिटं जातात
'आवाज येतोय का' यात.

जानेवारीत उधाण आलं आणि माझा आलेख बिघडला.
सोमवारी सकाळी एकवीस डेसिबल एकदम गहाळ.
मग हळूहळू, अगदी सावकाश,
तीन दिवसांत लहर परत वर.
रात्री जरा खाली, दवाने असेल,
उन्हं चढली की पुन्हा वर.
पुढच्या आठवड्यात तेच.

हेन्ना म्हणाली, यंत्र सरकतंय, हे दिवस वगळू.
सुगिहारांनी आर्द्रतेची फाइल मागितली.
कामिलाने फक्त विचारलं,
तू तिथे जाऊन पाहिलंस का?

गेले.
दोन पेट्यांच्या बरोबर मधोमध वलांडी,
बांबूंवर जबड्यात जबडा अडकवून
ओले बोंबील, रांगेने, पाणी गाळत.
धुरपाबाय तांडेल कावळे हाकत होत्या.
'काय गो, तुजी पेटी माज्या म्हावऱ्यावर नजर ठेवते काय?'
म्हटलं, पेटीला दिसत नाही,
बोंबलातलं पाणी तेवढं कळतं.
'मंग माज्यापेक्षा जास्त काय कळतं तिला?
मना त हात लावला का कळतं.'

फोटो पाठवला.
पडद्यावर चौघंही गप्प, माइक चालू.
मग सुगिहारा म्हणाले,
आमच्या किनाऱ्यावर माकूळ टांगतात.
आणि लगेच: मीठ किती? मीठ लावण्याआधीचं वजन आहे का?

धुरपाबायकडून वजनं घेतली.
किलोला किती घट, कोणत्या वाऱ्याला किती,
त्या बोटांवर सांगत गेल्या, मी लिहीत गेले.
हेन्नाच्या समीकरणात ते आकडे बसले
तेव्हा ती नेहमीचं 'ठिकाण तीन' म्हणाली नाही.
'दिवाले' म्हणाली. ळ तिला येत नाही.

तक्त्यात काच होती, काँक्रीट, पानं, माणसाचं शरीर.
आम्ही एक ओळ वाढवली: वाळती मासळी.
समितीने खोडली. सार्वत्रिक नाही, असा शेरा.
कामिला चिडली, पोर्तुगीजमध्ये,
ते भाषांतराशिवाय सगळ्यांना कळलं.
आता ती ओळ परिशिष्टात आहे, बारीक टायपात.

धुरपाबायना हे सांगायला गेले तर
त्या धक्क्याच्या टोकाला उभ्या,
फोन डोक्याहून वर धरलेला.
मुलगा जहाजावर आहे, कुठल्या समुद्रात ते परवा कळलं नव्हतं.
'दहा वर्सांचं ऱ्हाऊ दे,' म्हणाल्या,
'माज्या चुलीपाशी रेंज कवा येल त्या सांग.'
मी वहीत लिहून घेतलं.
दुसरं काय करणार होते.

मार्चमध्ये पेटी ओउलूला गेली, तपासणीसाठी.
पॅक करताना त्या मदतीला आल्या होत्या,
फोम दाबून बसवायला.

काल हेन्नाची मेल आली.
यंत्र ठीक. चूक शून्य पूर्णांक तीन डेसिबल, चालेल.
प्रयोगशाळेच्या खिडक्या उघड्या ठेवल्यात, बाहेर उणे अकरा.
खालच्या फोममध्ये वर्तमानपत्राची पुडी सापडली.
कागदावरची लिपी वाचता येत नाही.
सूचना असतील तर कृपया कळवावे:
आधी भिजवायचे, की तसेच भाजायचे?